जुन्या नकाशांच्या कडा कापू नका : सांगली जिल्ह्यातील वाचनालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. विश्वस्त, कार्यवाह आणि ग्रंथपाल,
सांगली जिल्ह्यातील जुनी सार्वजनिक वाचनालये, शिक्षणसंस्था व संग्रहालये

स. न. वि. वि.

आपल्यापैकी पुष्कळांच्या संस्थेत, कार्यालयाच्या भिंतीवर, दप्तराच्या कपाटावर किंवा जिन्याखालच्या अडगळीत एखादा जुना इंग्रजी नकाशा पडून असतो. तो कोणी दिला, कधी आला, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही, कारण दाखल नोंदवहीत पुस्तके चढतात, नकाशे चढत नाहीत. अशा नकाशांबद्दल हे पत्र आहे. दीडशेहून अधिक वर्षे वाळवी, कसर आणि कृष्णेचे पाणी यांतून वाचलेला एक कागद आपल्याच हौसेपायी वाया गेलेला पाहिला, म्हणून ते जाहीरपणे लिहावे लागत आहे.

जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थेकडे कृष्णा-वारणेच्या खोऱ्याचा, हाताने रंगवलेला एक नकाशा होता. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या मंडळींचा हेतू चांगला होता आणि असाच प्रकार इतरत्र झालेलाही मी पाहिला आहे. वर्धापनदिन जवळ आला तेव्हा नकाशा 'नीट' करून दर्शनी भिंतीवर लावायचे ठरले. चौकट आधीच करून आणली होती. ताव तिच्यात मावेना, म्हणून खालची दोन बोटे रुंदीची कड कात्रीने कापून टाकली. रंग फिके दिसत होते, म्हणून एका हौशी चित्रकाराकडून सगळ्या सीमारेषा स्केचपेनने गिरवून घेतल्या. त्या भरात त्याने पुणे-बेळगाव रस्त्याची दुहेरी रेघसुद्धा सीमा समजून नारिंगी करून टाकली. शेवटी तो ताव दुकानात नेऊन गरम लॅमिनेशनमध्ये घातला. आता तो चकचकीत दिसतो, पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, आणि त्याच्याकडून जे कळण्यासारखे होते त्यातले निम्मे कायमचे पुसले गेले आहे.

मी नोकरीची सगळी वर्षे भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामात काढली. मोजणीच्या जागीच काढलेली टिपणे, फाळणीचे नकाशे, कापडावर चिकटवलेले गावनकाशे आणि ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची साखळी यांच्याशी माझा रोजचा संबंध होता. आमच्याकडे एक साधा दंडक होता की टिपणावर मोजणी कोणी केली आणि कधी केली हे लिहिलेले नसेल, तर ते टिपण कितीही सुबक काढलेले असो, कच्चेच समजायचे. जुन्या छापील नकाशालाही हाच दंडक लागू पडतो, आणि नेमका तोच मजकूर नकाशाच्या चौकटीबाहेर, खालच्या कडेला, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत असतो. कात्री चालवणाऱ्याला ती कड कोरी वाटते, पण नकाशाची सही तिथेच असते.

त्या कापलेल्या कडेवर 'जे. अँड सी. वॉकर' अशी कोरणाऱ्यांची ओळ होती. तिच्याशेजारी प्रकाशकाची ओळ होती, पण तिच्यातले साल नेमके घडीवर येऊन झिजले होते. कड शाबूत असताना मी ती पाहिली होती आणि कोरणाऱ्यांचे नाव माझ्या वहीत टिपून ठेवले होते, म्हणून निदान एवढे तरी आज सांगता येते.

हे वॉकर, म्हणजे जॉन आणि चार्ल्स, लंडनमध्ये नकाशे कोरण्याचा व्यवसाय करणारे. ईस्ट इंडिया कंपनीने 'अ‍ॅटलस ऑफ इंडिया' ही मोठी मालिका काढायला घेतली. चार मैलांना एक इंच या प्रमाणाचे तिचे ताव १८२७ पासून बाहेर पडू लागले, ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले असत आणि त्या कामात जॉन वॉकरचा हात मोठा होता. त्याच काळात 'सोसायटी फॉर द डिफ्यूजन ऑफ यूसफुल नॉलेज' या, १८२६ साली स्थापन झालेल्या संस्थेने सामान्य वाचकाला परवडतील असे नकाशे सुट्या तावांच्या रूपाने काढायला सुरुवात केली. त्यांच्यावर देखरेख होती फ्रान्सिस बोफर्टची, म्हणजे वाऱ्याच्या जोराची जी बोफर्ट मोजपट्टी शाळेत शिकवतात तिच्या कर्त्याची, आणि तेही पुष्कळसे वॉकरांनीच कोरले. हे पत्रे पोलादी होते. तांबे मऊ असल्याने छापखान्यात लवकर झिजते; पोलादावरून कितीतरी जास्त प्रती निघतात, म्हणून नकाशा स्वस्त पडतो. शिवाय असे पत्रे एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकले जात आणि पुढची कित्येक वर्षे छापले जात. तेव्हा वॉकरांचे नाव दिसले एवढ्यावर नकाशाचे वय ठरत नाही, प्रकाशकाच्या नावावरून आणि पत्त्यावरून ते ठरते. आमच्या तावावर साल झिजलेले होते, पण नाव-पत्ता कसाबसा लागत होता. कुणी चांगल्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवला असता, तर हा ताव कंपनीच्या सरकारी कामातला की सामान्य वाचकासाठी काढलेला, हे पाच मिनिटांत सांगता आले असते. ती पट्टी कचऱ्यात गेल्यावर हा प्रश्न आता सुटण्यासारखा राहिलेला नाही.

वॉकरांना नकाशाचे 'कर्ते' म्हणताना मोजणीच्या माणसाची जीभ थोडी अडखळते. त्यांनी जे केले ते फार अवघड होते : लंडनमध्ये बसून, धातूच्या पत्र्यावर, सगळी अक्षरे आणि सगळ्या नद्या उलट्या, उजव्याचे डावे करून कोरायच्या, आणि डोंगराचा प्रत्येक उतार बारीक रेघांच्या झुबक्यांनी असा दाखवायचा की सह्याद्रीचा कडा कुठे आणि माणदेशचा माळ कुठे हे नजरेला कळावे. पण त्यांच्या हाती आलेला मजकूर हजारो मैलांवरून, दुसऱ्यांच्या पायांनी मोजलेला होता. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीच्या महासर्वेक्षणाला सुरुवात केली आणि तो १८२३ साली आपल्याच महाराष्ट्रात, हिंगणघाटला, कामावर असताना वारला. त्याची कबर तिथे आहे. अशा सर्वेक्षणांतून स्थळांची जागा पक्की झाल्यावर गावांची नावे, वाटा, ओढे हे तपशील भरायला माणसे गावोगाव फिरत. साखळी ओढणारे, झेंडी धरणारे, पाटील-कुलकर्ण्यांना विचारून गावांची नावे लिहून घेणारे कारकून हे सगळे इथलेच होते, आणि त्यांतल्या कोणाचेही नाव कोणत्याही नकाशाच्या कडेवर आलेले नाही. अपवाद अगदी थोडे. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्वेक्षक १७७७ साली हिंदुस्थान सोडून गेला आणि मराठ्यांचा मुलूख स्वतः न पाहता, फौजांच्या कूचांच्या नोंदी आणि इतरांचे नकाशे जुळवून त्याने १७८२ आणि १७८८ साली हिंदुस्थानचे नकाशे प्रसिद्ध केले. पण त्याने आपल्या टिपणग्रंथात गुजरातच्या नकाशासाठी सदानंद नावाच्या एका ब्राह्मणाचे ऋण नाव घेऊन मान्य केले. तो नकाशा पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्याकडून त्याला मिळाला होता. रेनेलबद्दल मला आदर वाटतो तो नकाशापेक्षाही या नोंदीसाठी. आपण मात्र ज्यांची नावे छापली गेली त्यांचीही कात्रीने कापत आहोत.

आता रंगाकडे वळतो, कारण हाताने दिलेल्या रंगाला बहुतेक ठिकाणी सजावट समजले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिळाछापावर रंगीत छपाई रुळेपर्यंत नकाशा काळ्या शाईतच छापला जाई आणि रंग मागाहून कुंचल्याने दिला जाई. कोरा नकाशा स्वस्त आणि रंगवलेला महाग, असे दोन भाव असत. हे काम कारखान्यासारखे चाले : एक नमुना प्रत पुढे ठेवायची आणि तिच्याबरहुकूम नगावारी मजुरीवर रंग भरायचा. त्यात बायका आणि लहान मुले पुष्कळ असत. सबंध मुलूख भरून रंगवण्यापेक्षा सीमेच्या आतल्या बाजूने एक अरुंद पट्टी ओढण्याची पद्धत जास्त होती, कारण तिला रंग कमी लागतो, वेळ कमी लागतो आणि खालची अक्षरे झाकली जात नाहीत. पिवळा गॅम्बोजचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा. किरमिजी कोशिनीलच्या किड्यांचा. जुन्या नकाशांवरचा हिरवा पुष्कळदा जंगालाचा, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाचा. या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. पिवळा आणि किरमिजी उजेडाने उडतात. जंगाल कागद खातो. नकाशा उलटून पाहिला तर हिरव्या पट्टीच्या मागे तपकिरी डाग उमटलेला दिसतो, आणि फार जुन्या नकाशांत तर नेमक्या त्या पट्टीवरच कागद तडकतो. म्हणजे नकाशाची पाठसुद्धा वाचायची असते, आणि लॅमिनेशन करण्याआधी आपण पाठीवर बहुधा पांढरा जाड कागद चिकटवून टाकतो.

आमच्या तावावर साताऱ्याच्या राज्याची सीमा हिरवी होती. २५ सप्टेंबर १८१९च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना जो मुलूख मिळाला, त्याच्या हद्दी ठोकळमानाने उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा प्रदेश अशा होत्या. ती हिरवी पट्टी वारणेच्या उत्तर काठाने खाली येऊन हरिपूरच्या संगमाच्या अलीकडे वर वळत होती, कारण पुढे सांगली-मिरजेच्या पटवर्धन सरदारांचा मुलूख लागतो. वळणावर रंगवणाऱ्याचा कुंचला जरा जास्तच ओला असावा. तिथे रंग नदीची रेघ ओलांडून दक्षिणेला सांडला होता, आणि त्या इवल्या डबक्याची कड वाळताना गडद झाली होती. भिंगातून पाहिले की दिसे, हात उत्तरेकडून आला आहे, वळणावर थांबला आहे आणि मग घाईने पुढे गेला आहे. कोल्हापूरच्या बाजूची पिवळी पट्टी त्या सांडलेल्या हिरव्यावरून गेली होती, म्हणजे हिरवा आधी वाळला होता. कोणा अनामिक मजुराच्या कामाचा क्रम एवढ्या स्पष्टपणे हाती लागतो, तो फक्त त्या मूळ रंगात. आता त्या जागी नारिंगी स्केचपेन आहे.

हे हळहळण्यापुरते राहत नाही, त्याचा तारखेशी संबंध आहे. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीच्या कारकिर्दीत साताऱ्याचे राज्य खालसा झाले. लंडनमधल्या पत्र्याला याचा लगेच काही उपद्रव होत नाही. पत्रा तोच राहतो, सीमेची तुटक रेघ तीच राहते. बदलते ती रंगवणाऱ्यापुढची नमुना प्रत. जो मुलूख काल वेगळ्या रंगाच्या पट्टीत होता, तो आज कंपनीच्या मुलखाच्या रंगात जातो. राज्य बुडाल्याची बातमी नकाशावर आधी कुंचल्यातून येते आणि छिन्नीतून नंतर, कधीकधी येतही नाही. त्यामुळे ज्या तावावरचे साल झिजले आहे, त्याच्यावरचा रंग हाच मोठा साक्षीदार असतो. साताऱ्याला स्वतंत्र हिरवी पट्टी आहे, याचा अर्थ ती प्रत १८४८-४९च्या आधी रंगवलेली असण्याचा संभव जास्त. पट्टी नसती तर तर्क उलट दिशेने गेला असता. स्केचपेनने सगळ्या सीमा एकाच रंगात गिरवल्यावर हा तर्क करायला जागाच उरत नाही.

आणि या तर्काची गरज आपल्या जिल्ह्याइतकी क्वचितच कुठे असेल. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तयार झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच्या आधीचा नकाशा पाहिला तर एका ठिकाणी बोट ठेवून 'हे अमक्याचे' असे सांगणे कठीण. वाळवा आणि खानापूरचा मोठा भाग इंग्रजी सातारा जिल्ह्यात, तासगाव आधी पटवर्धनांकडे, मग खालसा, आटपाडी आणि कुंडल औंधकडे, जत स्वतंत्र, बुधगाव म्हणजे धाकटी मिरज. मिरजेचे १८२० साली चार वाटे झाले आणि त्यांतले दोन १८४२ व १८४५ साली खालसा झाले. खुद्द सांगली संस्थानाचे तालुके तर एकमेकांना लागूनही नव्हते : मिरज प्रांत आणि कुची इकडे, मंगळवेढे सोलापूरकडे, तेरदळ, शहापूर आणि शिरहट्टी कर्नाटकात. एका गावाच्या शिवेवर तीन संस्थाने भेटावीत आणि मधल्या ओढ्यावर इंग्रजी हद्द असावी, असली ही गोधडी. काळ्या शाईत ती वाचायला बसले तर डोळे फिरतात. रंगानेच ती उलगडते. आमच्या खात्यातसुद्धा जुन्या इनामाचा किंवा हद्दीचा वाद आला की पहिला प्रश्न असे तो गाव त्या वेळी कोणत्या संस्थानात होते हा. उत्तर दप्तरात मिळाले तर ठीक, नाहीतर असा एखादा नकाशा निदान दिशा तरी दाखवतो. तो कोर्टात पुरावा म्हणून टिकेल असे मी म्हणत नाही. कोणते दप्तर शोधायचे हे मात्र तो सांगतो, आणि शोधणाऱ्याचे महिने वाचतात.

बाजाराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. जुने नकाशे आता दिवाणखान्यात लावण्याची वस्तू झाले आहेत. १८५१च्या सुमारास लंडनच्या जॉन टॅलिसने काढलेले, जॉन रॅपकिनने आखलेले, कडेने छोटी चित्रे असलेले नकाशे विशेष खपतात, आणि मागणी आहे म्हणून नकाशासंग्रहांची बाइंडिंगे उसवून ताव सुटे विकले जातात. जे ताव मुळात कोरे होते त्यांना विकण्यापूर्वी नवे रंग दिले जातात. असा मागाहून दिलेला रंग ओळखता येतो : तो कागदावरच्या जुन्या डागांच्या वर बसलेला असतो, घडीच्या तड्यातून आत झिरपलेला असतो, आणि समोरासमोर घडी घालून ठेवलेल्या अर्ध्या भागावर त्याची फिकट सावली उमटलेली नसते. आपल्या संस्थांतले नकाशे बाजारातून आलेले नाहीत, कोणा वकिलाच्या, मामलेदाराच्या किंवा संस्थानी कारभाऱ्याच्या घरातून आलेले आहेत. त्यांचे रंग फिके असले तरी मूळचे असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना उजळवून आपण आपल्या हाताने त्यांना बाजारातल्या मालाच्या पंक्तीला बसवतो.

लॅमिनेशनच्या बाजूने सांगलीत एकच युक्तिवाद होतो आणि तो मी गंभीरपणे घेतो : पूर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनी शहरातले जुने कागद किती खाल्ले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेव्हा प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद वाचेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गरम लॅमिनेशनचा डिंक कागदाच्या तंतूंत वितळून बसतो आणि तो पुन्हा सुरक्षितपणे काढता येत नाही. कडेला एक फट राहिली तरी पुराचे पाणी आत शिरते आणि मग बाहेर पडायला वाट नसल्याने कागद आतल्या आत बुरशी धरतो. पुरापासून नकाशा वाचवण्याचा मार्ग जुना आणि कमी खर्चाचा आहे : तो वरच्या मजल्यावर ठेवणे. तो सपाट ठेवावा, घडी किंवा गुंडाळी करू नये. आम्लरहित जाड कागदाच्या घडीत, किंवा दोन बाजू उघड्या असलेल्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावा. डांबरगोळ्या त्याच्यावर थेट टाकू नयेत. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप तर कधीच लावू नये, कारण काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा डाग राहतो. नकाशा भिजलाच तर घड्या ओढून उघडू नयेत, पाण्याने धुऊ नये, कारण हे जलरंग आहेत आणि पाण्याबरोबर निघून जातात, आणि उन्हात तर मुळीच टाकू नये. टीपकागदांमध्ये, सावलीत, वारा खेळेल असा ठेवून दोन दिवसांच्या आत जाणकाराला दाखवावा, कारण त्यानंतर बुरशी सुरू होते. भिंतीवर काहीतरी हवेच असेल तर चांगल्या स्कॅनवरून काढलेली रंगीत प्रत लावावी. ती उन्हात उडाली तर पुन्हा काढता येते.

नियमांची आठवणही करून द्यावी लागते. १९७२च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष ठरते, आणि ऐतिहासिक, शास्त्रीय वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना व दस्तऐवजांना ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. दुसरीकडे आपली बहुतेक वाचनालये १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेतात आणि जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करतात, म्हणजे ठराव करून ते नोंदवहीतून कमी करतात. ते योग्यच आहे, जागा शेवटी मर्यादित असते. पण नकाशाला दाखल क्रमांकच नसल्यामुळे त्याचे निर्लेखनसुद्धा होत नाही. तो नुसता नाहीसा होतो आणि तो नाहीसा झाल्याची कागदोपत्री कुठेही खूण राहत नाही. ठराव करून रद्दीत घातलेल्या पुस्तकाची स्थिती याहून बरी.

संग्रह जागेवरून हलण्याचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात उभे केलेले ऐतिहासिक संग्रहालय त्यांच्या निधनानंतर, १९३९ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. सातारकरांना ते अजूनही लागते आणि ते मी समजू शकतो. तरी मला विचाराल तर, कागद परगावी जाऊन यादीत असणे हे गावात राहून बेनाव असण्यापेक्षा चांगले. ज्या संस्थेला सांभाळणे खरोखर जमत नसेल, तिने नकाशा पुराभिलेखागाराकडे किंवा विद्यापीठाकडे रीतसर पोच घेऊन द्यावा. त्यात कमीपणा मानू नये.

आपल्याकडून मला काय हवे आहे, ते आता स्पष्ट लिहितो. येत्या वार्षिक सभेच्या आधी आपापल्या इमारतीतले सगळे जुने नकाशे, फाटके असले तरी, एकदा टेबलावर काढावेत आणि प्रत्येकाला दाखल क्रमांक द्यावा. त्या नोंदीत नकाशाच्या मथळ्याइतक्याच काळजीने चौकटीबाहेरचा सगळा मजकूर उतरवून घ्यावा : मोजणी कोणाची, आखणी कोणाची, कोरणारा कोण, प्रकाशक कोण, त्याचा पत्ता काय. कोणत्या मुलखाला कोणता रंग आहे आणि तो मूळचा वाटतो की मागाहून दिलेला, हेही दोन ओळींत लिहावे. नाव नसेल तिथे 'नाव नाही' असे लिहावे, जागा मोकळी सोडू नये. संस्थेचा शिक्का मारायचाच असेल तर पाठीमागे, कोपऱ्यात, रंग नसलेल्या जागी मारावा. स्कॅन करताना कडा, पाठ आणि घड्यांसकट पूर्ण ताव स्कॅन करावा, नुसता चौकटीतला भाग नव्हे. आणि कात्री, स्केचपेन व लॅमिनेशन या तिन्ही गोष्टींना कार्यकारी मंडळाच्या ठरावाने मनाई करावी, म्हणजे उद्या नवे उत्साही पदाधिकारी आले तरी तो ठराव त्यांना आडवा येईल.

ज्या संस्थेत हे घडले तिलाही एक विनंती आहे. त्या चौकटीखाली सध्या 'सांगली परिसराचा प्राचीन नकाशा' असा फलक आहे. तो काढून त्या जागी नकाशा जे. अँड सी. वॉकर, लंडन, यांनी कोरलेला असल्याचे, त्याची खालची कड कापली गेली असल्याचे आणि नारिंगी रेघा अलीकडच्या असल्याचे लिहावे. त्याने संस्थेची अब्रू जाणार नाही, उलट अभ्यासाला येणारा माणूस फसणार नाही. चौकटीच्या सुताराकडे किंवा दुकानात ती कापलेली पट्टी अजून पडली असेल, अशी अंधुकशी आशा मला आहे. कृपया एकदा विचारून पाहावे.

नोंदींच्या कामासाठी ज्यांना माणूस हवा असेल त्यांनी ग्रंथपालांमार्फत निरोप द्यावा. भिंग, पेन्सिल आणि वेळ माझ्याकडे आहे. आपल्याकडे एक स्वच्छ पुसलेले टेबल असले म्हणजे झाले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक,
सांगली